बोदलकसाचा पायी परवाना

तिरोड्यात शिलाईकाम करणाऱ्या शाहिस्ताबींच्या भाचीला सिकलसेल आहे. तिला दर दीड महिन्याने रक्त चढवावं लागतं आणि दर वेळी रक्तदाता शोधत दारोदार फिरावं लागतं. म्हणून मोहल्ल्यातल्या बारा जणींनी ठरवलं, एका दिवसात बोदलकसा तलावापर्यंत चालत जायचं आणि चालतच परतायचं. अंतर चाळीस किलोमीटर. दर किलोमीटरमागे एका माणसाने रक्तदानाचा शब्द द्यायचा. चाळीस नावं दोन दिवसांत जमली. राहिली फक्त परवानगी.

तहसील कार्यालयातल्या बिसराम बाबूंनी अर्ज दोनदा वाचला. हा मोर्चा, मिरवणूक की सहल, याचा त्यात उल्लेख नव्हता. नुसतं चालायचंय, असं शाहिस्ताबींनी सांगितलं. नुसतं चालण्याचा रकाना छापील नमुन्यात नसल्यामुळे ते संशयास्पद ठरलं. त्यातून पाच माणसं म्हणजे जमाव, इथे तर बारा. बाबूंनी आपुलकीने तोड काढली: चार-चार जणींचे तीन गट करा.

गट झाले. वरच्या साहेबांनी शेरा मारला की एकाच रस्त्यावरचे तीन गट म्हणजे मधे फटी असलेला एकच जमाव; सबब गटागटांत दोन किलोमीटर अंतर राखावे. अंतर तपासायला गटामागे एक कर्मचारी आला. तो पुरुष, म्हणून एक महिला पोलीस आली. तिला जंगलाच्या रस्त्याने एकटीला पाठवता येईना, म्हणून दुसरी आली. गट सात जणांचा झाला आणि पुन्हा जमावात मोडू लागला.

"गटातून तीन-तीन बाया कमी करा," बाबू म्हणाले.

"मंग चालनार कोन? आमी का तुमी?"

"बाई, सोपं करून देऊन राहिलो तुमाले. अजून कायले बोलता?"

भाचीची तारीख सोमवारी होती. शाहिस्ताबींनी बदललेल्या अर्जावर सही केली.

रविवारी तीन जणी निघाल्या. उरलेल्या नऊ जणी घरी बसून कायदा पाळत होत्या. अंतर तपासणारे तिसऱ्या किलोमीटरला जीपमध्ये बसले. शाहिस्ताबींसोबतच्या दोघींपैकी एक शिपाईही त्यांच्या मागोमाग चढली. दुसरी, डिंपल, मात्र चालत राहिली. तिला बूट चावला, तेव्हा शाहिस्ताबींनी पिशवीतली जुनी चप्पल तिला दिली. दोघी चाळीसही किलोमीटर चालल्या.

वाटेत कुणीतरी काढलेला दोघींचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत जिल्हाभर पोचला. एवढं अंग झाकून कशाला चालतात, असं काहींनी विचारलं. मनगट उघडं कसं दिसलं, असं मोहल्ल्यातल्या काहींनी विचारलं. बाकी सगळ्यांनी सलाम ठोकला. कार्यालयाने चोख अंतराबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं.

सोमवारी शाहिस्ताबी रक्तपेढीच्या बाकावर बसून यादीतल्या एकेकाला फोन लावत होत्या. कुणी लग्नात होतं, कुणाची गोळी चालू होती. पाय दुखून राहिले का, हे मात्र सगळ्यांनी आठवणीने विचारलं.

दुपारी डिंपल लंगडत आली. तिचं नाव यादीत नव्हतं.

"मले कोनी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "म्हून मीच आली."

त्या दिवसाचं भागलं. पुढची तारीख दीड महिन्यावर आहे. शाहिस्ताबी आता याद्या करत नाहीत, समोर दिसेल त्याला थेट विचारतात. तुम्ही इथवर वाचत आलात, म्हणजे तुम्हाला सवड आहे. बाही वर करता?