साईने केलेली भेट

पिशवी भरण्यात माझा हात धरेल अशी बाई टोकियोतल्या आमच्या अख्ख्या ओजिमात सापडायची नाही! दीड वर्षाच्या साईला घेऊन बाहेर पडायचं म्हणजे मोहीमच. पण माझ्या पिशवीत थर्मामीटरपासून मेतकुटापर्यंत सगळं असतं.

त्या दिवशी तर काही चुकून चालणारच नव्हतं. माझ्या नवऱ्याचं, सत्यजितचं, कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपत होतं. ते वाढवायचं की आम्हाला पुण्याला परत धाडायचं, हे क्लायंटकडच्या मोरी-सानांच्या हातात. आणि त्यांच्याच बायकोने मला, साईला आणि नुकत्याच आलेल्या सासूबाईंना आपलं गाव, समुद्रकाठचं कामाकुरा, बघायला बोलावलं होतं.

"फक्त नीट वागा," सत्यजित म्हणाला. जणू एरवी आम्ही झाडावर राहतो!

सकाळ छान गेली. बुद्धाच्या भल्या मोठ्या मूर्तीपुढे सासूबाईंनी चपला काढून हात जोडले. "काय शांत चेहरा गं!" म्हणाल्या. पदरी तान्हं मूल नसलं की होतो तसा, हे मी मनात म्हटलं.

मग आम्ही समुद्रावर गेलो. समुद्र बघून साईला भरून आलं. डायपरमध्ये.

डायपर बदलला, पण टाकायचा कुठे? जपानात रस्ते आरशासारखे आणि कचऱ्याचा डबा औषधालाही नाही. आपला कचरा आपण घरी न्यायचा, ही इथली रीत. पण परतताना ट्रेनमध्ये वास सुटला तर? मोरीबाईंना दिसलं तर? मी स्वच्छतागृहात जाऊन तो ऐवज एकात एक अशा तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठी मारून बंद केला. तरी धीर होईना. मग वरून निळी फुरोशिकी बांधली. फुरोशिकी म्हणजे वस्तू गुंडाळायचा इथला चौकोनी रुमाल. त्याची फुलासारखी गाठ मी क्लासला जाऊन शिकले होते. ती त्या दिवशी अशी बसली, की मलाच उघडून बघावंसं वाटलं!

स्टेशनवर निरोप घेताना मोरीबाईंनी आम्हाला बिस्किटांचा डबा दिला. मी बाकाखाली साईचा बूट शोधत होते. वर बघते तो काय! सासूबाई माझ्या पिशवीतून ते निळं फूल काढून मोरीबाईंना देताहेत!

"घ्या हो, संकोच करू नका! सुनेने स्वतःच्या हाताने बांधलंय!" शुद्ध मराठीत.

मोरीबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कमरेत वाकल्या. तेवढ्यात ट्रेन आली.

"आई, हे काय केलंत?" मी आत शिरल्यावर कुजबुजले.

"रिकाम्या हाताने पाठवायचं होतं का बाईला? एवढं सुरेख बांधून आणलंस आणि द्यायलाच विसरत होतीस!"

इथे ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत. नवऱ्याची नोकरी जात असली तरी. पुढच्या स्टेशनवर उतरून मी फोन लावला. मोरीबाईंचं घर स्टेशनला लागूनच, त्या तोवर पोचल्याही होत्या.

"उघडू नका!" मी ओरडलेच.

"छे, छे! आलेली भेट आम्ही आधी देव्हाऱ्यात ठेवतो. सासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवलीय."

माझं जपानी भाजी घेण्यापुरतं. घाबरल्यावर तेवढंही उरलं नाही. "ती भेट नाही... म्हणजे... ते बाळाने केलंय!"

"साई-चानने? स्वतः?"

"हो! आजच!"

"सुगोई! केवढं कौतुक! थांबा, फोटोच्या अजून जवळ सरकवते." आणि आभार मानत मानत त्यांनी फोन ठेवला.

सत्यजितने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पुण्यातल्या भाडेकरूंना जागा सोडायला सांगावं लागेल."

सोमवारी तो घरी आला तो काखेत भलंमोठं गाठोडं घेऊन. वर आमचीच निळी फुरोशिकी, धुऊन इस्त्री केलेली. गाठ माझ्यापेक्षा सरस. आत डायपरचा जंबो पॅक. अगदी साईच्या मापाचा!

"मोरी-सान काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, वर्षभर पुरणार नाहीत. संपले की सांगा."

"वर्षभर? म्हणजे..."

"वाढलं कॉन्ट्रॅक्ट."

सासूबाई विजयाने पुढे आल्या. "बघितलंस? बाईला रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही ना, त्याचं फळ! पण काय गं, होतं काय त्यात?"

"साईने केलेलं होतं, आई."

"गुणाचं गं माझं बाळ!" म्हणत त्यांनी साईची दृष्ट काढली.