पडलेल्यांची नावं

श्रावणभाऊंना कुणी रामराम घातला तर ते परत रामराम करत नसत. उलट विचारत, "मागच्या पार्लमेंटले आपल्या इथून कोन पडलं, सांगा." समोरच्यानं चुकून निवडून आलेल्याचं नाव घेतलं की त्याची धडगत नसे. "जितला तो दिल्लीले गेला. त्याचं नाव सारेच घेतात. म्या पडला तो इचारला." मग पहिल्या निवडणुकीपासूनचे सगळे पराभूत उमेदवार, चिन्हांसकट, ते एका दमात म्हणून दाखवत. डोक्यावर मेथीची पाटी असली तरी ती खाली ठेवायचं भान त्यांना नसे.

पिंपळगाव राजाजवळच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो आणि हा माणूस शाळेमागच्या मळ्यात भाजीपाला पिकवायचा. त्यामुळे मला सुटका नव्हती. वांगी आणायला जावं, तर आधी आपल्या मतदारसंघाचा इतिहास ऐकावा लागे. "म्या एकाच वावरात तीन राज्यांत शेती केली, मास्तर. आधी मध्यप्रदेश, मंग मुंबई, आता महाराष्ट्र. बैल तेच." मग कुठला तालुका कधी तोडला आणि कुठे जोडला. मग पहिल्या खेपेला प्रत्येक उमेदवाराची पेटी कशी वेगळी होती, आणि एका म्हातारीनं मत टाकायचं सोडून पेटीलाच हळदकुंकू कसं वाहिलं. तोवर माझ्या पिशवीतली वांगी मऊ पडत.

एकदा एक उमेदवार जीपमधून हात जोडत आला. भाऊंनी जीपपुढे बैलगाडी आडवी घातली. "माह्या घरात मतं दोन. यादीत एकच. दुसरं कुठं गेलं?"

उमेदवार हसून म्हणाला, "बघू, बघू."

"मंग तुमचं नाव मले पाठ करा लागते," भाऊ म्हणाले. आणि तो पडलाच.

भाऊंचा खरा राग हा होता. दोन निवडणुका होऊन गेल्या, तरी त्यांच्या बायकोचं नाव मतदारयादीत नव्हतं. शेजारचा सदाशिव वारून जमाना झाला होता, तो मात्र यादीत होता. "मेला तरी यादीत हाय तो. दर खेपेले येऊन मत बी देऊन जाते. अन् माही बायको जिती हाय, चुलीपाशी बसून भाकरी थापून राह्यली, तिचं नाव काऊन नाही?" काऊन नाही, हे मात्र ते कधी सांगत नसत. कुणी विचारलं की लगेच पडलेल्यांची यादी सुरू करत.

महाराष्ट्र झाल्यावरच्या पहिल्या निवडणुकीआधी याद्या तपासायचं काम आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडलं. भर उन्हात घरोघर हिंडायचं. भाऊंच्या ओसरीवर टेकलो. तास गेला, दोन तास गेले, आम्ही अजून मध्यप्रदेशातच होतो. माझी निम्मी घरं बाकी होती. माझं डोकं फिरलं. उठून चालता झालो आणि त्यांच्या घराची जुनी नोंद नव्या यादीत जशीच्या तशी उतरवून काढली. शेजारचा सदाशिवही तसाच उतरवला. वर, बडबड्याला बरी अद्दल घडली, असंही वाटलं. हे सांगताना मला माझाच संताप येतो आणि तो आलाच पाहिजे.

मतदानाचं केंद्र शाळेतच होतं आणि यादी वाचायला मीच. श्रावणभाऊ आले. मागे त्यांची बायको, आमच्या काकू, नवं लुगडं नेसून. मी भाऊंचं नाव वाचलं.

"पुढचं वाचा," ते म्हणाले.

पुढचं नाव सदाशिवचं होतं. मी मान खाली घालून म्हणालो, "तुमच्या घरात एकच नाव आहे, भाऊ."

आता हा माणूस टेबल उलथणार, असं वाटलं. त्यांनी टेबलावर हात आपटलाही, पण राग माझ्यावर नव्हता. "पयल्या खेपेले पटवारी चावडीत बसेल होता. बायकोचं नाव सांग म्हने. चार मानसं बसेल होते. चारचौघांत बायकोचं नाव कसं घ्यावं? मले लाज वाटली. म्या म्हनलं, लिहा, श्रावनची बायको. त्यानं तेच लिहिलं. मंग वरतून हुकूम आला, असं नाव चालत नाही, खोडा. दुसऱ्या खेपेले बी माहं तोंड उघडलं नाही." मग ते रांगेकडे वळले. "आता आयका साऱ्यायनं. सुभद्रा. सुभद्रा हाय तिचं नाव. लिहा, मास्तर."

त्या दिवशी यादीत नाव घालता येत नाही. नियम मला पाठ होता आणि मी तो म्हणून दाखवला. तो माझा आवाज मला अजून ऐकू येतो. ओसरीवरची ती दोन तासांची बडबड म्हणजे एक नाव उच्चारायची हिंमत गोळा करणं होतं, आणि मी अर्ध्यातून उठून गेलो होतो.

काकूंनी पदर सावरला. "चला घरी. नाव घेतलं ना तुमी, झालं."

रांगेतल्या बाया पदराआड हसल्या. काकू पुढे निघाल्या आणि भाऊ मत न देताच त्यांच्या मागून गेले. संध्याकाळी पेटीला सील मीच लावलं.

पुढची यादी निघाली तेव्हा मी सगळ्यांत आधी त्यांचं घर गाठलं. खरं तर लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकू आदल्या पावसाळ्यात गेल्या होत्या. मातीला मीही होतो. तरी गेलो. भाऊंनी कोण पडलं ते विचारलं नाही. मला घरात नेलं आणि दार लावून घेतलं.

दाराच्या आतल्या बाजूला खडूनं सगळ्या निवडणुका लिहिल्या होत्या. प्रत्येकीखाली पडलेल्यांची नावं. पहिल्या दोन्ही निवडणुकांत सगळ्यांच्या शेवटी, वाकड्यातिकड्या अक्षरांत, सुभद्रा. तिसरीखाली शेवटची जागा मोकळी होती.

"पयल्या दोन खेपा म्या पाडली," ते म्हणाले. "तिसऱ्या खेपेले तुमी. तुमच्या हातानं लिहा."

मी जुनी यादी उतरवली होती, हे त्यांना कधीपासून माहीत होतं कोण जाणे. मी खडू घेतला आणि लिहिलं.

"वाचा."

मी वाचलं.

"मोठ्यानं, मास्तर," श्रावणभाऊंनी दार उघडलं. "चावडीपर्यंत गेलं पाह्यजे."