परक्यांच्या याद्यांपायीं विसाजीपंतांस मत्सर जडला ती हकीकत

श्रीगजाननाचें स्मरण करोन, आणि जिच्या कृपेनें घरोघरीं पिठामिठाचे डबे भरतात त्या अन्नपूर्णेस दंडवत घालोन, जैसें कानीं आलें तैसें लिहितों. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, एके राज्यीं (नांव सांगणें नलगे, राज्य अद्याप चालतें आहे) विसाजीपंत हर्डीकर म्हणोन गृहस्थ पेन्शन खाऊन सुखरूप होते. त्यांस नाद ऐसा कीं, परक्या लोकांनीं वाणसामान घेऊन टाकलेल्या याद्या वेंचाव्या, घरीं आणोन त्यांजवर हलकी इस्त्री फिरवावी आणि चिकटवहींत लावाव्या. राजधानींत मोठा बाजार होता, तेथें रयत चाकाच्या टोपल्या ढकलीत फिरे आणि जातांना यादी टोपलीचे तळीं टाकोन जाई, मग पंत दर आदितवारीं स्वारी करोन रिकाम्या टोपल्यांत हात घालीत आणि लूट घेऊन परत फिरत. त्यांचे संग्रहीं मुंजीची यादी होती, बाळंतिणीच्या डिंकलाडवांची होती, आणि एक नवराबायकोनें भांडोन लिहिलेली होती, तींत एकानें श्रीखंड लिहिलें, दुसऱ्यानें खोडलें, आणि पहिल्यानें पुन्हा मोठ्या अक्षरांत लिहिलें. अलीकडे रयत यादी फोनावर लिहूं लागली, तेणेंकरून कागदाचा भाव वाढला आणि पंतांचाही वाढला. पेठेंतील मंडळी संग्रह पाहावयास येत आणि या विद्येंत पंतांसारखे पंतच ऐसें बोलत, तेव्हां पंत तोंडानें नको नको म्हणत आणि पोटांतून सुखावत.

ऐसियास खंडेराव तावरे, जकातीच्या नोकरींतून मोकळे जाहलेले, त्याच पेठेंत राहावयास आले, आणि दैव पाहा, त्यांसही हाच नाद निघाला. मग बाजाराचें दार उघडतांच खंडेराव हजर, पंत पाहतात तों टोपल्या धुंडाळून झालेल्या. बरें, गृहस्थ उद्धट असता तर चार शब्द सुनावतां आले असते, परंतु खंडेराव हंसोन रामराम करीत आणि एखादी टोपली आपण होऊन पंतांपुढें सरकवीत, तेणें पंतांचा अधिकच जळफळाट होई. मंडळी आतां खंडेरावांकडे चहास जाऊं लागली. पंतांस जेवण गोड लागेना, त्यांचें कुटुंब द्वारकाबाई यांनीं काय दुखतें म्हणोन पुसलें, तर पंत म्हणाले कांहीं नाहीं, आणि भात तैसाच टाकोन उठले.

पुढें दिवाळीचे सुमारास खंडेरावांनीं वाचनालयांत याद्यांचें प्रदर्शन मांडिलें. पंतांनीं जावयाचें नाहीं ऐसा निश्चय केला आणि पहिल्याच दिवशीं गेले. एके भिंतीपाशीं दाटी होती, तेथें कांचेखालीं एकाच हाताच्या याद्या लाविल्या होत्या आणि वर 'लिहिणार ठाऊक नाही' ऐसें लिहिलें होतें. पंतांनीं मान घालोन वाचिलें: 'गूळ. मागच्या वेळी पिवळा म्हणून काळा आणलात, मीही पिवळा म्हणूनच पोळ्या केल्या.' दुसरींत: 'साबण, गुलाबी बघून. त्याने अंघोळ केली की तुम्ही गाणं म्हणता.' तिसरींत: 'शेवया. कुणी येणार नाही, मलाच खाव्याशा वाटतात.' शेजारची एक बाई डोळे पुशीत होती, आणि ऐसा ऐवज राज्यांत दुसरा नाहीं ऐसें जो तो म्हणे. पंतांचे मनांत एकच आलें कीं, हा खजिना या मेल्याचेच हातीं कां लागावा. मग अक्षर निरखितां ळ ओळखीचा वाटला, श ओळखीचा वाटला. अक्षर द्वारकाबाईंचें होतें. त्या दर आदितवारीं यादी लिहोन देत, आणि पंत ओळीचा पहिला शब्द पाहत, गूळ म्हणतां गूळ घेत, पुढें वाचावयास फुरसत कैंची, नजर परक्याच्या टोपलीवर असे, आणि सामान घेतलें कीं यादी तिथेंच टाकीत.

पंतांनीं खंडेरावांस एकीकडे घेऊन सांगितलें कीं, या आमच्या घरच्या, परत द्याव्या. खंडेराव चकित जाहले. ते म्हणाले, "पंत, मी त्या रिकाम्या टोपल्यांतून उचलल्या. टाकणारे तुम्ही होतात हे आत्ता कळतंय. मागता तर घेऊन जा, माझी ना नाही. फक्त एवढं सांगा, त्या बाईंना शेवया मिळाल्या का?" पंतांस आठवेना. ते रिकाम्या हातीं परतले.

घरीं येऊन त्यांनीं मान खालीं घालोन वर्तमान सांगितलें. द्वारकाबाई रागावल्या नाहींत. लोक काय बोलले म्हणोन त्यांनीं पुसलें, आणि पंतांस खंडेरावांची स्तुति आपल्या तोंडें सांगणें प्राप्त जाहलें. "त्या बाईने डोळे पुसले ते पुन्हा सांगा," ऐसें द्वारकाबाई म्हणाल्या आणि पंतांनीं पुन्हा सांगितलें. बाईंचें मुख उजळलें, ऐसें उजळलेलें पंतांनीं कैक वर्षांत पाहिलें नव्हतें, आणि तें उजळवणारा खंडेराव, या विचारानें पंतांच्या काळजास डागणी बसली. मग पंतांनीं विनंति केली कीं, पुढें मजकरितां लिहीत जा, मी जपोन ठेवीन. बाई बरें म्हणाल्या.

पुढील आदितवारीं पंत बाजारांत मधोमध उभे राहोन यादी वाचूं लागले, अक्षर न अक्षर वाचिलें, मधल्या एके ओळीस हंसू आलें तें मिशींत दाबलें, आणि शेवटच्या ओळीपाशीं थबकले. तेथें लिहिलें होतें: 'ही यादी खिशात घालू नका. टोपलीत टाका. वाट बघणारं माणूस आहे.' खंडेराव डाळींच्या पोत्यांपाशीं भलतीकडे पाहत उभे होते. पंतांचा हात खिशाकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. अखेरीस त्यांनीं यादी आपल्या हातें टोपलींत ठेविली आणि मागें न पाहतां पिशवी उचलोन निघाले.

एवंच, राज्यांत थोर संग्रह खंडेरावांचा ठरला. पंत मात्र तेव्हांपासोन घरची यादी उंबऱ्यांतच उभे राहोन समूळ वाचितात, त्यावर खंडेरावाचे आधीं आपली नजर पडावी म्हणोन.