‘गप्प तळं’ दहावीला लागतं

एका जंगलात एक हायस्कूल होतं. हसू नका, बाळांनो. जंगलात सिंह राज्य करतो म्हटलं की तुम्ही मुकाट मान डोलावता, मग हायस्कुलानंच तुमचं काय घोडं मारलंय?

या हायस्कुलात कासवी नावाचा विषय होता. कासवी म्हणजे समुद्रापलीकडच्या कासवांची भाषा. ती जंगलात कुणालाच धड यायची नाही. पण कासवी येत नाही म्हटलं की चारचौघांत मान खाली जायची. म्हणून सगळे शिकायचे.

शिकवायला टिटवीबाई होत्या. अंगानं एवढ्याशा, पण आवाज असा की शेजारच्या वर्गातली गणितं चुकायची. बाईंचा एका कासवी कादंबरीवर फार जीव होता. तिचं नाव ‘गप्प तळं’.

त्यात एका तळ्यावर बगळ्याचं राज्य असतं. तो फर्मान काढतो, की आजपासून कुणी डराँव करायचं नाही. केलं तर गिळीन. सगळे बेडूक गप्प होतात. मग एक पोरसवदा बेडकी काय करते, पाण्याखाली तोंड घालून ओरडते. आवाज येत नाही, नुसते बुडबुडे येतात. ते बघून दुसरी ओरडते, तिसरा ओरडतो, आणि बघता बघता सगळं तळं उकळायला लागतं.

आधीच्या सिंहानं या पुस्तकावर बंदी घातली होती. त्यामुळे ते जंगलात सगळ्यांनी वाचलं होतं. पक्षी ते घरट्यात अंड्यांखाली लपवायचे. अस्वलं मधाचं पोळं देऊन एका दिवसापुरतं मागून न्यायची. टिटवीबाईंनीही ते लहानपणी झुडपात बसून वाचलं, आणि कितीतरी दिवस त्यांना घास गोड लागला नाही.

मग नवा सिंह आला. त्याचा दिवाण होता एक तरस. फार सुधारलेला. त्यानं बंदी उठवली. नुसती उठवली नाही, पुस्तक थेट दहावीला लावलं!

बाईंनी सगळ्या शाळेला पेढे वाटले. “आता पोरं उजळ माथ्यानं वाचतील!” त्या ओरडल्या. शेजारी पुन्हा गणित चुकलं.

पोरांनी वाचलं नाही.

कारण आठवडा उलटायच्या आत राघूसरांचं गाईड निघालं. राघूसर म्हणजे पिंपळावर क्लास चालवणारे पोपट. गाईड आल्यावर पुस्तक कोण उघडतो?

“चिंगे,” बाईंनी खारीच्या पोरीला विचारलं, “बेडकी पाण्यात तोंड घालून का ओरडली असेल गं?”

“बुडबुडे हे स्वातंत्र्याचे प्रतीक होय,” चिंगी एका दमात म्हणाली.

“ते राहू दे. तुला काय वाटतं?”

चिंगी घाबरली. तिनं गाईड पुढून मागून चाळलं. तिला काय वाटतं, ते त्यात कुठंच नव्हतं.

“बाई,” मागून गज्या रेडकू ओरडला, “वाटणं किती मार्कांना आहे?”

बाईंना रडू कोसळलं. या वर्गातल्या एका तरी पोरानं ते पुस्तक खरंखुरं वाचावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्या तडक दिवाणाकडे गेल्या.

“दिवाणसाहेब, पाया पडते. या पुस्तकावर बंदी घाला.”

तरस हसला. तसे तरस हसतच असतात. “बंदी? छे छे, बाई! आपलं जंगल पुढारलेलं. मी तर म्हणतो, नववीलाही लावू.”

“अहो, त्यात राजाविरुद्ध लिहिलंय! बगळा म्हणजे कोण, ते तरी कळतंय का?”

“कळतंय की. ‘बगळा हे जुलमी सत्तेचे प्रतीक होय.’ दोन गुण. माझ्या पोरट्यालाही पाठ आहे.”

बाई परत आल्या. पण टिटवीनं मनावर घेतलं तर ती समुद्रही आटवते, हे तुम्ही ऐकलंच असेल. दुसऱ्या दिवशी त्या बाभळीचा डिंक घेऊन वर्गात शिरल्या. एकेकाचं पुस्तक घेतलं आणि शेवटची पानं फट्‌दिशी चिकटवून टाकली.

“ही पानं परीक्षेला नाहीत,” त्या कडाडल्या. “तुमच्या वयाला शोभणारीही नाहीत. कुणी उघडलेली दिसली, तर पालकांना घेऊन यायचं!”

बाईंची पाठ वळायचा अवकाश, वर्गातून चर्र, चर्र आवाज सुरू झाला.

काय सांगू, बाळांनो, काय धमाल उडाली! साळिंदराच्या पोराचा भाव वधारला, कारण पानं सोडवायला काटे त्याच्याकडे. चिंगीनं दातांनी डिंक कुरतडला. गज्यानं जिभेनं चाटता चाटता एक पानच गिळलं, आणि मग त्यात काय होतं ते विचारत सगळ्यांच्या मागे फिरला. शेवट वाचला तर आधीचं कळेना. म्हणून पोरांनी पुस्तक पहिल्यापासून काढलं. ज्यांना कासवीत पाणी मागता येत नव्हतं, ती मधल्या सुट्टीत शब्दांचे अर्थ विचारत हिंडू लागली. नदीत इतके बुडबुडे उठायला लागले, की मगरींना वाटलं आपलंच पोट बिघडलंय.

मग एकदा चिंगीनं हात वर केला.

“बाई, रागावणार नसाल तर विचारू? त्या पानांत बगळा येतो. पहिला बुडबुडा कुणाचा, म्हणतो. आणि बेडकीची आईच तिचं नाव सांगते. स्वतःच्या पोरीचं! असं कसं सांगितलं तिनं?”

“बाकीची पिल्लं वाचवायला,” साळिंदर म्हणालं.

“खोटं! घाबरली ती!” गज्यानं बाकावर खूर आपटला.

“माझ्या आईनं सांगितलं असतं का, बाई?” चिंगीच्या डोळ्यांत पाणी होतं.

वर्गात एकच कल्ला झाला. बाई फळा पुसायला वळल्या. फळा कोराच होता. इतकं सुख त्यांना जन्मात झालं नव्हतं.

तेवढ्यात दारात दिवाण उभा. शाळा तपासायला आला होता. त्यानं पुस्तक उचललं, कुरतडलेला डिंक पाहिला.

घाला, बाई मनात म्हणत होत्या. घाला आता बंदी!

“वा, बाई!” दिवाण हसला. “मुलांना एवढी गोडी लागलीये, तर ही पानंही परीक्षेला घेऊन टाकू. घ्या रे लिहून. आईने बेडकीचे नाव का सांगितले? तीन कारणे लिहा. सहा गुण.”

वह्या उघडल्या. पानांची सळसळ झाली. गज्या शेजाऱ्याला गाईडाची नवी आवृत्ती कधी निघेल ते विचारू लागला.

चिंगीनं शेपटीनं डोळे पुसले आणि वर पाहिलं.

“बाई, तीनच ना?”

तात्पर्य : बाळांनो, मोठेपणी राज्य करायची वेळ आलीच, तर पुस्तकं जाळू नका. धूर निघतो, आणि काय जळतंय ते बघायला गाव गोळा होतो. पुस्तक दहावीला लावा. राख होते ती कुणाला दिसतसुद्धा नाही.