परसातली खाण

आमच्या डोणगावात कुणाच्या घरी गेलं की आधी पाणी मिळतं, मग चहा. शेषरावभाऊंच्या परसात जायचं तर आधी बिल्ला मिळतो. पितळेचा, वर आकडा ठोकलेला. माझा सात नंबर. तो दाराजवळच्या फळीवर खिळ्याला अडकवायचा, मगच आत पाऊल टाकायचं. निघताना काढून त्यांच्या हातात द्यायचा. एकदा मी तसाच विसरून घरी आलो आणि जेवायला बसलो, तर हा गृहस्थ धापा टाकत माझ्या दारात!

"मास्तर, तुमचा बिल्ला टांगेलच हाये! मानूस वर आला का खालीच राह्यला, मी काय समजू?"

"अहो भाऊ, मी तुमच्या परसातून आलो, पाताळातून नाही!"

"खानीत असंच असते. बिल्ला फळीवर, म्हंजे मानूस अंदर."

घास माझ्या हातातच राहिला. तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली, पण हजेरीसाठी मुलाच्या घरापर्यंत धावत गेलो नाही. गंमत म्हणजे भाऊंचा स्वतःचा दोन नंबरचा बिल्ला कायम फळीवर. ते आठवडी बाजारात वांगी घेत असले तरी फळीच्या हिशेबाने ते आतच. विचारलं तर म्हणत, "माह्यं चालते."

शेषरावभाऊ माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. सगळी नोकरी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत काढली. पंचफुलावहिनी मात्र इथेच राहिल्या, सासू-सासरे आणि लेकरं सांभाळत. भाऊ सुटीत यायचे. खाणीत काय काम करता, असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "आपून बत्तीघरवाले. वर बसाचं, खाली जानाऱ्याले दिवा द्याचा, आला का वापस घ्याचा. खालचं आपल्याले काय मालूम?"

निवृत्त होऊन आले, आणि एक दिवस मोबाईलवर त्यांना कुठलेसे गोरे म्हातारे बागेत गुडघ्याएवढी रेल्वे फिरवताना दिसले. झालं! रफीक वेल्डरला गाठून लोखंडी सळयांचे रूळ केले. मिरचीच्या वाफ्यातून निघून गोडनिंबाला वळसा घालणारी रेल्वे सुरू झाली. मी म्हटलं, हौस आहे, फिटली. पण भाऊ विचारात पडले.

"मास्तर, रेल्वे झाली. पन कोळसा आनाचा कुठून?"

यावर सरळ माणूस इस्त्रीवाल्याकडे गेला असता. भाऊंनी कुदळ काढली. छातीएवढा खड्डा झाला तेव्हा गावात बातमी पसरली की शेषरावला गुप्तधन लागलं. लोक भिंतीवरून डोकावू लागले. मग खड्ड्यावर लोखंडी मनोरा चढला, पार छपराच्या वर, टोकाला सायकलचं चाक. आता लोक म्हणाले, मोबाईलचा टॉवर! आमच्या आळीतून सह्यांचा अर्ज फिरला. त्यावर माझीही सही आहे, खोटं कशाला बोलू?

प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा मी उडालोच. आख्खी खाण! मनोऱ्याच्या चाकावरून तार खाली गेलेली, तारेला डोली टांगलेली. त्या पिंजऱ्यातून कामगार खाली उतरतात. जुन्या जीपच्या वायपरची मोटार ती डोली वर-खाली करायची. खड्ड्याची एक बाजू पायऱ्या करून मोकळी सोडलेली, म्हणजे खालचे बोगदे, लाकडी टेकू, सगळं हाताशी. घंटीसुद्धा होती. तीन वाजल्या तर डोलीत माणसं आहेत, दोन म्हणजे खाली सोड, एक म्हणजे वर घे. दिवे वाटणाऱ्या माणसाला इतकं कसं माहीत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. याला रंग का नाही?

"रंग नोको," भाऊ म्हणाले. एकेक खिळा ते तीन-तीन दिवस घासत बसत. डोळे मिटून त्यावर बोट फिरवत आणि पुन्हा घासत. मला वाटलं, म्हातारपण.

तेव्हा वहिनी मेहकरला लेकीकडे होत्या. साखरेने नजर मंदावली होती, डोळ्यांचे उपचार चालू होते. त्यांना आणायला भाऊ दोन दिवसांसाठी गेले आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेले. माझ्यातला चित्रकलेचा मास्तर उसळून उठला. वहिनी नवे डोळे घेऊन येणार, आल्याबरोबर काही झकास दिसायला नको? मी ऑइलपेंटचे चार डबे आणले. मनोरा लाल, डोली पिवळी, बोगदे काळे. चांगले जाड दोन हात दिले. स्वतःवर इतका खूश मी लग्नातही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ऑटो थांबला. वहिनी उतरल्या त्या भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून. डोळे उघडे, पण नजर माझ्या कानाजवळून पलीकडे गेलेली.

भाऊंनी त्यांना थेट मनोऱ्यापाशी नेलं आणि त्यांचा तळवा लोखंडावर टेकवला.

"अवो, हे चिकट काय हाये?" वहिनी म्हणाल्या. तळवा लालभडक झाला होता.

भाऊंनी मनोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते नुसतेच आत गेले आणि बायकोचा हात पुसायला गोडंतेल घेऊन आले.

मी सहा दिवस रंग खरवडला. भाऊ शेजारी बसून पॉलिश पेपर घासत होते, तेव्हा त्यांनी सांगितलं. वहिनींचा भाऊ विहीर खणताना दरड कोसळून गेला होता. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी अट घातली, जमिनीखाली जायचं नाही. शेषरावभाऊंनी त्यांच्या गळ्याची आण घेतली.

"पन नोकरी लागली ते खालचीच. बत्तीघरात मी एक दिवस बी नोतो, मास्तर. डाक्टरनं कवाच सांगतलं, नजर येत नाई. आंधळ्या बायकोले खोटं सांगत बसू काय? तोंडानं सांगवत नाई, म्हून हे बांधलं. तिच्या हाताले तरी समजंन."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सातव्या दिवशी सकाळी भाऊंनी वहिनींना एक नंबरचा बिल्ला दिला आणि हात धरून फळीवर अडकवायला लावला. तो खिळा आजवर रिकामाच होता. वहिनी पायऱ्या उतरून बसल्या. बोटं तारेवरून खाली सरकली आणि तळाशी उभ्या डोलीत शिरली. आत चार लाकडी माणसं होती. एकाचं नाक चांगलं भेंडीएवढं.

"हे तं तुमीच हाये," वहिनी हसल्या.

भाऊ हसले नाहीत. "पंचफुला, मी बत्तीघरात नोतो. मी याच्यात होतो. पैल्या दिवसापासून."

मला पळून जावंसं वाटलं, पण माझा बिल्ला फळीवर होता.

"मले मालूम हाये," वहिनी म्हणाल्या.

"कवापासून?"

"पैल्या दिवाळीपासून. तुमचे बनियन कोन धुतले? दिवे वाटनाऱ्याच्या बनियनचं पानी तीनदा फेकलं तरी काळंच निघते काय?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलली असती, तं माह्या आनेचं भेव घेऊन उतरले असते तुमी. भेलेला मानूस अंधारात चुकते."

भाऊंनी तोंड फिरवलं. गडी रडत होता आणि मीही.

"घंटी कुठी हाये?" वहिनींनी विचारलं. भाऊंनी त्यांचा हात धरून दोरीवर ठेवला. "वर घ्याले किती?"

"एक."

वहिनींनी एकदाच वाजवली. भाऊंनी मोटार सुरू केली. डोली घरघरत वर निघाली, तशा डोलीवर हात ठेवून वहिनीही पायऱ्या चढल्या. वर थांबल्यावर त्यांनी चाचपून नाकवाला माणूस बाहेर काढला आणि पदरात ठेवला. मग म्हणाल्या, "तुमचा बिल्ला कोन्ता?"

"दोन नंबर. तुह्या बाजूचा."

भाऊंच्या खांद्याला धरून वहिनी दारापाशी आल्या, फळीवर हात फिरवून त्यांनी तो खिळ्यावरून काढला आणि भाऊंच्या मुठीत दिला.

"घ्या. आले तुमी वर."