काटेवाल्या नानांची बोट

आमच्या गल्लीत पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला स्वतःचं वजन कळतं. काटेवाले नाना कट्ट्यावर बसलेलेच असतात. ते पाहुण्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "या पावणं! एकोणऐंशी. पिशवी धरून ब्याऐंशी." माझ्या मेहुणीचं वजन त्यांनी असंच जाहीर केलं होतं. ती पुढं दोन वर्षं आमच्याकडे फिरकली नाही. त्याबद्दल मी नानांचा मनापासून आभारी आहे.

नाना तीस हंगाम एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसानं भरलेली ट्रॉली फाटकातनं आत वळली की ती काट्यावर चढायच्या आधीच नाना टन सांगून मोकळे व्हायचे, आणि काटा मागनं मुकाट्यानं तेच दाखवायचा. "तीस हंगामांत आपला काटा एक दिवस बंद न्हाय, सर!" हे त्यांचं पालुपद. दुसरं पालुपद, "माणूस खोटं बोलंल, वजन बोलायचं न्हाय." मी गणिताचा मास्तर, म्हणून मला ते 'सर' म्हणतात. पण घाईत असले की नुसतंच, "ओ अडुसष्ट, जरा हिकडं या की!"

अशा माणसानं बोट घ्यावी, हे आमचं नशीब.

आमची गल्ली नदीच्या अंगाला. मोठा पूर आला की पाणी पहिल्यांदा आमच्याकडे येतं आणि शेवटी जातं. गेल्या पुरानंतर नानांनी एका बंद पडलेल्या हॉटेलची पाँटून बोट आणली. म्हणजे खाली दोन लांब पोकळ नळ्या, वर फळ्यांचं सपाट अंगण, भोवतीनं कठडा आणि मागं विजेवरची मोटर. ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा अर्ध्याच फुगवून त्यांच्यावर ती बोळाच्या तोंडाशी बसवली. अर्धी ट्यूब पाण्यागत हलते, असं नानांचं शास्त्र. त्यावर चढायचं, फळीवर चहानं काठोकाठ भरलेली बशी ठेवायची, आणि चहा सांडला की बॅटरी हलवायची.

बॅटऱ्या दोन. एकेक उचलताना कमरेतनं कळ यावी अशी. आणली तेव्हा त्या मागच्या सीटखाली गपगुमान बसल्या होत्या. नानांनी त्या काढून मध्ये घेतल्या. मध्ये दोरखंडाचा कप्पा होता, तो पुढं गेला. पुढं औषधांचा होता, तो बिस्किटांच्या कप्प्यात घुसला. बिस्किटांना बामाचा वास लागला. मी एक खाऊन बघितलं. चव भयंकर होती, पण सर्दी मोकळी झाली. आठवड्यानं एक बॅटरी डावीकडं गेली, एक उजवीकडं. मग दोन्ही पुढं. मग एक पुढं, एक मागं. दर खेपेला कप्पे उचकटायचे, वायरी सोडायच्या, आणि शेजारधर्म म्हणून दुसऱ्या बाजूची कडी धरायला मी. माझी कंबर गेली ती गेलीच!

एकदा मी वैतागलो. म्हटलं, "नाना, दोन्ही मधोमध ठेवा आणि विषय संपवा. चौथीतलं पोरगं सांगंल!"

"सर, तुमचं गणित रिकाम्या बोटीचं हाय," नाना शांतपणे म्हणाले. "आमचं भरल्याल्या."

भरलेली म्हणजे काय, तर पुढं उजव्या कोपऱ्यात वाळूची पोती. तिथं कुणी बसायचं नाही. मी एकदा टेकलो, तर नाना खेकसले, "उठा! ती जागा भरल्याली हाय." त्या पोत्यांत ते रोज पाटीभर वाळू घालायचे, ओंजळभर काढायचे, डोळे बारीक करून बघायचे. तिथं पाणी उपसायचा पंप बसणार, असं मी सगळ्या गल्लीला ठासून सांगितलं. मास्तरनं सांगितलं म्हटल्यावर लोकांना पटलंही.

या सगळ्याला दारातनं तोंडी लावायला आक्का. आक्का म्हणजे नानांची बायको. अंगानं भरदार, आवाज त्याहून भरदार, आणि उजवा गुडघा दुमडत नाही. "अवो, त्या बॅटरीला एकदाचं घर बघून द्या! सासुरवाशिणीगत किती फिरवतायसा तिला?" असं त्या ओरडल्या की गल्ली हसायची.

आक्कांचं नाव निघालं की गल्लीत पुराची गोष्ट निघतेच. गेल्या मोठ्या पुरात रबरी बोट आम्हाला न्यायला आली. आक्कांनी गुडघा ताठ ठेवून कडेला पाय टाकला आणि बोट कलली. बोटीवरचा माणूस ओरडला, "मावशी, मध्ये सरका, न्हायतर आमीबी बुडतोय!" दोघांनी त्यांना काखेत धरून पोत्यासारखं मध्ये ओढलं. सगळी गल्ली माड्यांवर उभी होती. भर पुरात लोक पोट धरून हसले. आक्काही हसल्या, "मी वजनदार बाई हाय बाबांनो!" गणपतीच्या मांडवात ही गोष्ट दरवर्षी होते. आक्कांच्या आवाजाची नक्कल मी करतो. बरी करतो, असं म्हणतात.

यंदा आषाढात पाणी पायरीला लागलं, तशी गल्लीत बांधाबांध सुरू झाली. आक्का मात्र कट्ट्यावर पाय पसरून म्हणाल्या, "मी कुठं जात न्हाय. पाणी आलं तर माडीवर बसतो. बोटीत पाय ठेवायचा न्हाय." आम्हाला गंमत वाटली. आमच्या घरांना माडीपर्यंत पाणी आलेलं आहे, हे त्यांना आमच्याइतकंच माहीत होतं. नाना उठले आणि पुन्हा बॅटरीचे नट सोडायला लागले.

पाणी उतरलं, आणि चार दिवसांनी नाना म्हणाले, "सर, उद्या सकाळी बोट पाण्यात घालायची. उचगावजवळ दगडाची जुनी खण हाय, पाण्यानं भरल्याली, तिथं. तुमीच या. बाकी कुणाला सांगू नका." बोट ट्रॉलीवर चढली. आक्कांना नारळ फोडायला म्हणून आणलं होतं. त्या ट्रॅक्टरवर न बसता पुढं चालत निघाल्या.

"गुडघा दुखत असताना चालत कशाला?" मी विचारलं.

नाना ट्रॉलीच्या दांड्याकडं बघत म्हणाले, "पुरापास्नं रिक्षात बसत न्हाय ती, सर. कुणाच्या गाडीत न्हाय. लग्नात पंगतीला न्हाय. लोकांम्होरं हसती, अन् घरात आली की बोलत न्हाय."

हसणाऱ्यांत मी होतो. नुसता हसलो नव्हतो, नकला केल्या होत्या.

खणीत बोट तरंगायला लागली. नानांनी पुढच्या उजव्या कोपऱ्यातली पोती एकेक करून काठावर उतरवली आणि तिथं घरातली लाकडी खुर्ची नटानं घट्ट आवळली. पुढं पाय लांब सोडायला मोकळी जागा. दोन्ही बॅटऱ्या पार मागं, डाव्या कोपऱ्यात, एकीला एक लावून. औषधं आणि दोरखंड त्यांच्या डोक्यावर. मोटरीपर्यंत नवी जाड वायर. पंपबिंप काही नव्हता.

आक्का काठावरच थांबल्या. "मी हितनंच फोडतो नारळ."

"अगं, नुसतं बसून बघ. न्हाय पटलं तर उतर."

"सर हायती."

"सर, तिकडं तोंड करा," नाना म्हणाले.

मी झाडाकडं तोंड करून उभा राहिलो, शाळेत शिक्षा केलेल्या पोरागत. मागं पाण्याचा आवाज आला. फळी करकरली. मी झाडाची पानं मोजायला लागलो. वाटलं, कलली तर ही बाई पुन्हा कधी बोटीत बसणार नाही, आणि पुढच्या पुरात माडीवर एकटी राहील.

"सर, वळा आता."

आक्का खुर्चीत बसल्या होत्या, पाय लांब, पदर नीट, बोटीच्या अगदी तोंडाशी. फळीवर चहाची बशी होती. काठोकाठ भरलेली, थेंब सांडला नव्हता.

"अवो, हललीबी न्हाय की वो ही," आक्का हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "त्या दिवशी तुमीबी हसलासा, सर. मी खालनं बघितलं तुमाला."

"चुकलं, आक्का," मी म्हणालो.

"बसा मग. चहा गार होतोय."

मी बसलो. नाना माझ्याकडं बघून "अडुसष्ट" असंही म्हणाले नाहीत. ते नुसते त्या बशीकडं बघत होते. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, गल्लीतल्या प्रत्येकाचं वजन या माणसानं ओरडून सांगितलंय. आक्कांचं मात्र कधीच नाही. मी काठावरच्या पोत्यांकडं बोट दाखवून हळूच विचारलं, "नाना, त्या पोत्यांत वाळू किती होती?"

नानांनी बायकोच्या पाठीकडं पाहिलं, मोटरीची कळ दाबली आणि म्हणाले, "काटा बंद हाय, सर."