तिसऱ्या बॅटरपर्यंत दुखण्यास मनाई

माणसाला कुठे दुखतंय हे त्याचं त्याला कळत असलं, तरी ते ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे असू नये, याबाबत सर्व सुव्यवस्थित संस्थांचं एकमत आहे. बेसबॉल ही त्यांतली फारच सुव्यवस्थित.

ओहायोतल्या ब्रँटविल बीव्हर्स या संघाचा मॅनेजर लाइल प्रुइट (वय एकसष्ट, गुडघे सत्तर) याने एकतीस वर्षं एकाच विषयाच्या चिंतनात घालवली होती. विषय असा: ऐनवेळी मदतीला आणलेला पिचर मार खायला लागला, तर त्याला काढावं कधी? पूर्वी मनात येईल तेव्हा काढता येई. त्यात वेळ जातो म्हणून वरच्यांनी नियम केला, की नव्या पिचरने किमान तीन बॅटरना बॉल टाकल्याशिवाय मैदान सोडायचं नाही. (खेळ तेवढाच लांबला, पण आता तो नियमानुसार लांबू लागला.) इनिंग संपली नसेल, तर अपवाद एकच: पिचर जखमी झाल्यास.

अपवाद मोठा माणुसकीचा होता आणि त्याचा व्हायचा तोच परिणाम झाला. ब्रँटविलच्या पिचरांची प्रकृती ढासळली. एका महिन्यात तिघे जायबंदी झाले, तिघेही दोन-दोन बॅटरनी पुरते धुऊन काढल्यावर. एकाची कंबर धरली, दुसऱ्याच्या दंडात कळ आली. तिसऱ्याला नक्की काय झालंय हे ठरेपर्यंत तो आंघोळ उरकून हॉटडॉग खात होता. संघाचा फिजिओ गस पेट्राकिस तिन्ही वेळा गंभीर चेहऱ्याने धावत गेला आणि त्याने मान हलवली. मान हलवणं हे त्याचं कामच. कोणत्या दिशेने, ते लाइल खुणेने सांगे.

उलट, ज्याला खरोखर दुखतं तो कधीच सांगत नाही. इथला रिवाजच तसा आहे. म्हणून लाइलने स्वतःपुरतं एक कोष्टक केलं होतं (मॅनेजरला इथे सगळे 'स्किप' म्हणतात):

"दुखतंय." म्हणजे मार पडतोय, सोडवा.
"जरा आखडलाय." म्हणजे जरा आखडलाय.
"मस्त आहे, स्किप." म्हणजे दुखतंय.
"मस्त आहे मी, खरंच मस्त आहे!" म्हणजे ताबडतोब डॉक्टर.

हे कोष्टक एकदाही चुकलं नव्हतं. त्यानुसार कुणी वागल्याचीही नोंद नव्हती.

जुलैतल्या एका रविवारी दुपारी, आठव्या इनिंगमध्ये, बीव्हर्स एका धावेने पुढे असताना लाइलने एमेट सॉरेलला आणलं. एमेट चोवीस वर्षांचा, नेब्रास्काचा. वरच्या लीगमधला एक माणूस त्या दिवशी वेग मोजायचं यंत्र घेऊन जाळीमागे बसला होता, तो खास एमेटला न्यायचं की नाही हे ठरवायला. एमेटने पहिल्या बॅटरला चार बॉल बाहेर टाकून बेस फुकट दिला. दुसऱ्यालाही दिला. फलकावरचा वेग शहाण्णव मैलांवरून एक्याण्णववर उतरला, आणि दर बॉलनंतर तो बाहीत मुंगळा शिरल्यासारखा हात झटकू लागला. तीन हजार एकशे बारा प्रेक्षकांनी एकमुखाने निदान केलं: "काढा रे त्या ठोंब्याला!"

लाइल निघाला. वाटेतली पांढरी रेघ त्याने न तुडवता ओलांडली. (तुडवली तर अपशकुन होतो. त्याने कधीच तुडवली नाही आणि संघ दरवर्षी खालून दुसरा येतो.) मातीच्या उंचवट्यावर पोचल्यावर, कुणी ओठ वाचू नयेत म्हणून, एमेटने तोंडासमोर ग्लव्ह धरला, लाइलने पंजा.

"काय रे, हात कसा आहे?"

"मस्त आहे, स्किप."

"खरं सांग लेका."

"मस्त आहे मी, खरंच मस्त आहे! तो बसलाय बघा तिकडे. आत्ता मला काढलंत ना, तर संपलं माझं. तीन वर्षं थांबलोय मी या दिवसाची वाट बघत."

लाइलने गसला हाक मारली आणि अंपायर व्हर्न स्टकीला कळवलं, की पिचर जखमी आहे, सबब बदलायचा आहे. व्हर्न नियमाचा माणूस.

"लाइल, हा चौथा."

"या खेपेला खरं आहे रे!"

"मागच्या खेपेलाही शपथ घेतलीस. तो तुझा पेशंट नंतर पार्किंगमध्ये नाचत होता. काय रे पोरा, दुखतंय?"

"छे हो, मुळीच नाही."

गसने कोपर दाबून पाहिला. एमेटच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "धूळ गेली," तो म्हणाला. गसने सवयीने लाइलकडे पाहिलं, लाइलने सवयीने खूण केली, गसने गंभीरपणे मान हलवली, आणि ती खूण पाहून व्हर्नची खात्रीच पटली.

"पोरगा ठणठणीत आहे. तिसरा बॅटर!"

अशा रीतीने प्रत्येकाने आपापलं कर्तव्य चोख बजावलं. लाइलला तिथेच, मातीत, फतकल मारून बसता आलं असतं. तशी तरतूद नाही, पण मनाईही कुठे लिहिलेली नाही. तो डगआउटमध्ये, आपल्या बाकावर, जाऊन बसला.

तीन बॉल बाहेर गेले, दोन आत. आता एक आत पडला की बॅटर बाद, बाहेर गेला की आणखी एक बेस फुकट. एमेटने सहावा टाकला, आणि त्याच्या कोपरातला अस्थिबंध तुटला. तो आवाज पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेला. एमेट गुडघ्यांवर बसला. त्या हाताने तो पुढे कधीच बॉल टाकू शकला नाही. घराचं कुलूपही आता तो डाव्या हाताने उघडतो.

त्या क्षणी लाइलने आधी अंपायरच्या हाताकडे पाहिलं आणि मग एमेटकडे. मध्ये फार तर एक सेकंद गेला असेल, पण त्याची लाज त्याला अजून वाटते. हे त्याचं जरा अतीच म्हणायला हवं. तीन हजार एकशे बारा प्रेक्षकांनीही आधी तिकडेच पाहिलं. जाळीमागच्या माणसाने वेग लिहून घेतला. आणि तुम्ही, वाचकहो, तुम्हाला एमेटचा तुटलेला कोपर सांगून झाला, कुलूप सांगून झालं, तरी मघापासून तुमचा प्रश्न एकच आहे.

बाद होता तो बॅटर. झालं समाधान?